तुमच्यापुढे त्याची काय किंमत!

इराणात माणूस दारातून सहजासहजी आत जात नाही. बाहेरही येत नाही. दार सताड उघडं असतं, वाट मोकळी असते, पलीकडे कामं खोळंबलेली असतात. आणि अलीकडे चार माणसं एकमेकांना हात करून ‘बेफर्माईद, बेफर्माईद’ म्हणत उभी असतात. म्हणजे, आधी तुम्ही. तेहरानच्या हॉटेलात पहिल्याच सकाळी नाश्त्याला खाली जायचं म्हणून आम्ही लिफ्टपाशी आलो, तर तिथे तीन इराणी गृहस्थ आधीच उभे. लिफ्ट आली. त्यांनी आम्हाला हात केला. आम्ही त्यांना केला. त्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. आपल्यालाही आई-बापांनी काही शिकवलंय हे दिसावं म्हणून आम्ही त्यांच्यापेक्षा दोन इंच जास्त झुकलो. तेवढ्यात दरवाजा मिटला आणि लिफ्ट रिकामीच खाली गेली. थोड्या वेळाने ती पुन्हा वर आली, तेव्हा आत एक बाई होत्या. आम्हाला जागा व्हावी म्हणून त्या नम्रपणे बाहेर आल्या.

शेवटी आम्ही जिन्याने उतरलो. जिन्याच्या तोंडाशी फरशी पुसणारा एक मुलगा होता. त्याने बादली बाजूला घेतली आणि हात केला.

या रिवाजाला तिथे तारोफ म्हणतात. दुकानदाराला पैसे विचारले की तो म्हणतो, ‘काबेल नदारे’. तुमच्यापुढे त्याची काय किंमत! टॅक्सीवाला तेच म्हणतो, न्हावीही तेच म्हणतो. आपण ‘छे छे, सांगा’ म्हणायचं, त्याने पुन्हा ‘राहू द्या हो’ म्हणायचं, आपण खिशात हात घालून ठेवायचा, आणि साधारण तिसऱ्या फेरीला आकडा बाहेर येतो. जेवणाचं आमंत्रण आलं की हाच खेळ उलट्या बाजूने. तीनदा नाही म्हणायचं. तरीही समोरचा हटला नाही, तर आमंत्रण खरं समजायचं. प्रवासाच्या पुस्तकांत हे सगळं छापलेलं असतं, आणि परदेशी प्रवासी म्हणे ते वाचून धास्तावतात.

आम्हाला धास्ती कसली! आमची उभी हयात लग्नाच्या पंगतीत गेलेली. पानावर आडवा हात धरून ‘आता एक कणही नको’ म्हणायचं आणि बोटांच्या फटीतून जिलबी कुठवर आली ते पाहायचं, हे आम्ही मुंजीआधीपासून करत आलोय. माझी बायको कुणाकडे गेली आणि चहा विचारला, की ‘नको, आत्ताच झाला’ म्हणते. चहा सकाळपासून झालेला नसतो. दुसऱ्यांदा ‘उगाच कशाला’ म्हणते. तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’. पुढे दीड कप पिते. अशा घरातल्या माणसांना इराण्यांनी आग्रह शिकवायचा?

‘हे आपल्याला काय शिकवणार!’ साडूभाऊ विमानातच म्हणाले होते.

साडूभाऊ म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई आणि ते, ही आणि मी असे आम्ही चौघे ऑक्टोबर २०१९मध्ये इराणला गेलो. साडूभाऊंचा उभा जन्म सहकारी बँकेत गेला. पैशाच्या बाबतीत ते जन्मदात्यावरही विश्वास ठेवत नाहीत, आणि वडिलांनी त्यांच्या बँकेतून कर्ज घेतलं होतं, त्यामुळे त्यांना दोषही देता येत नाही. निघण्यापूर्वी त्यांनी फारसीतली निवडक सौजन्यवाक्यं एका जुन्या पासबुकात देवनागरीत उतरवून घेतली होती. डावीकडे जमा, म्हणजे समोरचा काय म्हणेल. उजवीकडे नावे, म्हणजे आपण काय म्हणायचं.

निर्बंधांमुळे आपली कार्डं इराणात चालत नाहीत. डॉलर खिशात घेऊन जायचे आणि तिथे मोडायचे. तेहरानच्या फेरदौसी रस्त्यावर आम्ही शंभराची एक नोट दिली आणि एक कोटीहून जास्त रियाल हातात आले. ताईंनी ते गठ्ठे पाहिले आणि नवऱ्याकडे पाहिलं. संसारात प्रथमच कोट्यधीशाची बायको झाल्याचा क्षण त्यांना जरा उपभोगायचा होता. पण साडूभाऊंनी तिथेच फुटपाथवर नोटा मोजायला घेतल्या.

मोजून झाल्यावर कळलं की रियालचा हिशेब फक्त नोटेवर असतो. तोंडाने सगळे बोलतात तोमानमध्ये. एक तोमान म्हणजे दहा रियाल, तेव्हा एक शून्य इथे उडालं. पुढे बोलण्याच्या ओघात हजारही गाळतात. दुकानदार ‘ऐंशी’ म्हणाला की ते ऐंशी हजार तोमान, म्हणजे आठ लाख रियाल, म्हणजे आपले तेव्हाचे साधारण पाचशे रुपये. साडूभाऊंचं म्हणणं पडलं की त्यांच्या बँकेत एवढी शून्यं गायब झाली असती तर सहकार खात्याची चौकशी लागली असती. (लागली होती, असं ताई नंतर हळूच म्हणाल्या.)

बेकरीत तर त्यांना घाम फुटला. आमच्या पुढच्या गिऱ्हाइकाने आपलं कार्ड दुकानदाराच्या हाती दिलं आणि भर गर्दीत चार आकडे मोठ्याने म्हटले. दुकानदाराने ते यंत्रावर दाबले. मागच्या बाईंनीही कार्ड दिलं, आकडे म्हटले. तो पिन होता! तिथे ती सर्रास पद्धत आहे. साडूभाऊ त्या माणसामागे रस्त्यापर्यंत गेले आणि गोपनीयतेचं महत्त्व त्याला मराठीत पटवून देऊ लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, छातीवर हात ठेवला आणि पिशवीतली ऊन ऊन रोटी मोडून त्यांना दिली. संगक नावाची ती हातभर लांब रोटी तापलेल्या खड्यांवर भाजतात. एखादा खडा तिला चिकटून येतो. साडूभाऊंच्या घासात तो आला आणि पिनची गोष्ट तेवढ्यावर राहिली.

आता याच लोकांचा दुसरा अवतार. दारात वीस मिनिटं ‘आधी तुम्ही’ करणारा माणूस एकदा गाडीत बसला, की त्याच्या शब्दकोशातून ‘आधी’ही जातं आणि ‘तुम्ही’ही. तेहरानमध्ये रस्ता ओलांडणं ही नुसती चालण्याची क्रिया नाही. गाड्या थांबत नाहीत. त्या तुमच्या पुढून किंवा मागून जातात, आणि पुढून की मागून हे शेवटच्या क्षणापर्यंत त्यांनाही ठरवता येत नाही. मोटारसायकली फुटपाथवरून येतात, तेही उलट्या दिशेने. आम्ही काठावर उभं राहून वाहतूक ओसरण्याची वाट पाहत होतो. संध्याकाळ झाली. शेवटी काळी चादर ओढलेल्या एक म्हातारबाई आल्या. त्यांनी गाड्यांकडे न पाहता सरळ चालायला सुरुवात केली आणि आम्ही चौघे त्यांच्या आडोशाने, एकाआड एक, पलीकडे पोचलो. जी पांढरी गाडी माझ्या चपलेच्या अंगठ्यावरून गेली असं मला अजूनही वाटतं, ती पुढे जाऊन थांबली. आतून एक गृहस्थ उतरले. आम्ही ज्या दुकानात शिरत होतो तिथेच त्यांना यायचं होतं. त्यांनी दार धरलं, मान लववली आणि म्हणाले, ‘बेफर्माईद.’

गाडीच्या आत मात्र, चालवणारा सोडून, सगळे पुन्हा सभ्य. तिकडे भाडं वाटून घेऊन अनोळखी लोक एकाच टॅक्सीतून जातात. पुढे बसलेल्याची मागच्यांकडे पाठ होते, म्हणून तो वळून माफी मागतो. मग मागच्यांनी म्हणायचं, ‘फुलाला का कुठे पुढची-मागची बाजू असते?’ साडूभाऊंनी पासबुकात पाहून माफी मागितली आणि मागून एका विद्यार्थ्याने त्यांना फूल म्हटलं. साडूभाऊंचं वजन, उंची आणि मानेचा घेर लक्षात घेता हे सौजन्य फारच ताणलेलं होतं. पण माणूस दिवसभर खुलला. संध्याकाळी ताई म्हणाल्या, ‘अहो, जरा सरका.’ तर म्हणतात, ‘कुणीकडे? आम्हाला बाजू नाहीत.’

तेहरानच्या मध्यवर्ती बँकेच्या तळघरात राजघराण्याची रत्नं ठेवली आहेत. हे संग्रहालय तेव्हा आठवड्यातून मोजकेच दिवस आणि दुपारचे थोडेच तास उघडायचं. फोन, पिशवी, सगळं बाहेर ठेवायचं. आत दर्या-ए-नूर आहे. गुलाबी झाकेचा, १८२ कॅरटच्या आसपासचा हिरा. गोवळकोंड्याचा माल, इराणच्या नादिरशहाने १७३९मध्ये दिल्लीहून लुटून नेलेला. शेजारी पृथ्वीचा एक गोल आहे. त्यावर ५१ हजारांहून जास्त रत्नं जडवली आहेत, समुद्र पाचूंचे आणि जमीन माणकांची. एरवी भूगोलाचा कंटाळा असलेल्या ताई त्या गोलाला प्रदक्षिणा घालत राहिल्या.

दर्या-ए-नूर पाहायला आम्ही जरा जास्तच वाकलो. आपलंच आहे म्हटल्यावर माणूस वाकतोच. काचेला नाक लागलं आणि तळघरभर भोंगा वाजला. मी हात वर केले. साडूभाऊ माझ्यापासून दोन पावलं दूर सरकले आणि भिंतीवरची पाटी फारसी येत असल्यासारखी वाचू लागले. पहारेकऱ्याने मानही वळवली नाही. मग लक्षात आलं की तो भोंगा दर मिनिटाला कुणाच्या ना कुणाच्या नाकाने वाजतोच आहे.

‘दिल्लीत असा भोंगा हवा होता,’ साडूभाऊ नंतर म्हणाले.

त्याने काय झालं असतं म्हणा! नादिरशहाची एक दंतकथा सांगतात. दिल्लीच्या मोहम्मदशहा बादशहाने कोहिनूर पगडीत लपवल्याचा सुगावा त्याला लागला. तेव्हा त्याने भर दरबारात, ‘आपण आता भाऊ झालो, पगड्या बदलू या’ असं म्हणून स्वतःची पगडी पुढे केली. इतिहासकार ही गोष्ट फारशी खरी मानत नाहीत. मला मात्र इराण पाहिल्यावर ती पटू लागली आहे. अशा वेळी तीनदा नाही म्हणायचं असतं हे बिचाऱ्या बादशहाला कुणी सांगितलं नसावं.

इस्फहानला गेल्यावर पुढचा हप्ता मिळाला. तिथे चेहेल सोतून, म्हणजे चाळीस खांबांचा महाल आहे. साडूभाऊंनी खांब मोजले. वीस भरले. त्यांनी उलट्या बाजूने मोजले. तरी वीसच. तिकीट खिडकीवर जाऊन विचारलं, तर आतला माणूस हसून समोरच्या हौदाकडे बोट दाखवू लागला. उरलेले वीस पाण्यात दिसतात ते! ‘आमच्याकडे अशा ठेवी दाखवणारे तुरुंगात आहेत,’ असं बडबडत साडूभाऊ परत आले. आतल्या दालनात भिंतीभर चित्रं आहेत. एका चित्रात शहा तहमास्प हा हुमायूनला मेजवानी देतोय. राज्य गमावून आलेला पाहुणा, समोर नाचगाणं, फळांनी भरलेली तबकं, असा थाट. हे १५४४च्या सुमाराचं. दुसऱ्या चित्रात नादिरशहा कर्नालच्या लढाईत हुमायूनच्या वंशजाचा, म्हणजे त्याच मोहम्मदशहाचा, पराभव करतोय. ते १७३९. म्हणजे एका भिंतीवर पाहुणचार आणि दुसरीवर त्याचं बिल. ‘तुमच्यापुढे त्याची काय किंमत’ म्हणत म्हणत दोनशे वर्षं थांबले, एवढाच काय तो तारोफ.

इस्फहानचा नक्श-ए-जहान चौक मात्र पाहावा. शहा अब्बासने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधायला घेतला. अर्धा किलोमीटरहून लांब, एका टोकाला निळी शाही मशीद, एका बाजूला शेख लुत्फुल्लाची. तिचा मलईच्या रंगाचा घुमट उन्हाबरोबर गुलाबीकडे झुकतो. राजेलोक इथे पोलो खेळत, त्या गोलपोस्टचे दगडी खांब अजून उभे आहेत. त्या खांबांपाशी आता लोक सतरंजी अंथरून जेवतात. इराणी माणसाच्या गाडीत स्टेपनी असेल नसेल, सतरंजी आणि चहाचा थर्मास असतोच. हिरवळीचा तुकडा दिसला की गाडी थांबली. मग तो दोन रस्त्यांमधला दुभाजक असला तरी चालतो.

याच चौकातल्या एका दुकानात साडूभाऊंनी एक ताटली पसंत केली. तांब्यावर निळ्या मीनाकारीची, बारीक वेलबुट्टी, तळहाताएवढी. आपण दुकानदाराला कसं गुंडाळतो ते पाहा, असा डोळा आम्हाला मारून ते पुढे झाले.

‘केवढ्याला?’

‘काबेल नदारे!’

‘छे छे, असं कसं?’ साडूभाऊंनी पासबुकाची उजवी बाजू काढली. ‘तुमच्या हातांना थकवा न येवो.’

दुकानदार चमकला. परदेशी माणसाच्या तोंडून हे त्याने ऐकलं नसावं. त्याने चहा मागवला. ‘तुमचं पाऊल माझ्या डोळ्यांवर,’ तो म्हणाला. साडूभाऊ म्हणाले, ‘मी तुमच्यावरून ओवाळून जाईन.’ तो म्हणाला, ‘देव न करो, मीच जाईन.’ साडूभाऊंनी पान उलटलं. आता दोघांनाही थांबता येईना. चहा आला. ताटली कागदात गुंडाळून झाली. दुकानदाराने आपल्या वडिलांचा फोटो दाखवला, साडूभाऊंनी नातवाचा दाखवला. मग अगदी जड अंतःकरणाने, ज्याचा उच्चारही पाप असा आकडा त्याने जमिनीकडे पाहत सांगितला.

आकडा दुप्पट होता. कोपऱ्यावरच्या दुकानात तशीच ताटली निम्म्यात होती, हे आम्ही चौघांनीही पाहिलं होतं. पण आता करता काय? ज्याच्यावरून आत्ताच स्वतःला ओवाळून टाकलं, ज्याच्या वडिलांच्या फोटोला हात जोडले, त्याला ‘काहीतरी वाजवी बोला’ कुठल्या तोंडाने म्हणायचं? घासाघीस सुरू करायची ती ओळख होण्याआधी. साडूभाऊंनी मुकाट्याने नोटा मोजल्या. उरलेले सुटे पैसे दुकानदाराने परत केले, तर हे ‘काबेल नदारे’ म्हणून मोकळे झाले. त्याने मात्र ते पहिल्याच फेरीत गल्ल्यात टाकले.

खाण्यापिण्याचं फार सांगत नाही. ताई आणि ही, दोघी शाकाहारी. ‘यात मांस नाही ना?’ विचारलं की वेटर प्रेमाने ‘नाही, नाही’ म्हणायचा आणि कोंबडी आणून ठेवायचा. शेवटी दोघींनी वांग्यावर तह केला. वाटलेलं भाजकं वांगं, त्यावर कश्क नावाचं दह्या-ताकापासून केलेलं घट्ट, आंबटसर मिश्रण, आणि भात. चहाची तऱ्हा वेगळीच. कोरा, बिनसाखरेचा, साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्याच्यातून चहा ओढायचा. साडूभाऊंच्या कवळीला ते जमेना. त्यांनी खुणा करून दुधाचा, उकळलेला, गोड चहा मागितला. चहावाल्याला काही बोध होईना.

‘हा इराणी चहा नाही,’ साडूभाऊंनी त्या इराणी चहावाल्याला ठणकावून सांगितलं.

शिराझहून आम्ही तख्त-ए-जमशीदला गेलो. पुस्तकातलं नाव पर्सेपोलिस. दारियसने इसवी सनापूर्वी ५१८च्या सुमारास बांधायला काढलेलं आणि ३३०मध्ये शिकंदराने जाळलेलं. वर चढायला १११ पायऱ्या आहेत हे ऐकून ताई खालीच बसणार होत्या. पण पायऱ्या जेमतेम चार बोटं उंच निघाल्या. लांब झगे घातलेल्या दरबारी पाहुण्यांना डौलाने चढता यावं म्हणून त्या तशा केल्या, असं सांगतात. अडीच हजार वर्षांनी त्याचा फायदा आमच्या गुडघ्यांना झाला.

तिथल्या अपादाना महालाच्या जिन्यावर २३ देशांचे लोक राजाला नजराणे घेऊन निघाले आहेत. दगडात इतके बारीक कोरलेत की दाढीचे कुरळे मोजावेत. कुणी उंट आणलाय, कुणी मेंढे, कुणी घोडे. आणि मौज अशी, की प्रत्येक देशाच्या पुढाऱ्याचा हात एका दरबाऱ्याने धरलाय आणि तो त्याला पुढे नेतोय. म्हणजे ‘बेफर्माईद’ तेव्हापासूनच! आम्ही आपली माणसं शोधू लागलो. सापडली. बहुतेकांची अंगं उघडी, कमरेला धोतरवजा वस्त्र, पायांत काही नाही. एकाच्या खांद्यावर कावड, कावडीत दोन टोपल्या, टोपल्यांत भांडी. त्यांत सोन्याची भुकटी असावी असं अभ्यासक म्हणतात. बरोबर एक गाढव.

‘बाकीच्यांचे घोडे आणि आपलं गाढव,’ साडूभाऊ खिन्न झाले.

‘पण रिकाम्या हाताने नाही ना गेले?’ ताई म्हणाल्या. ‘भांडी भरून नेली.’

त्या गाढवाशेजारी उभं राहून साडूभाऊंनी फोटो काढून घेतला. नेहमीप्रमाणे अंगठा वर. तेहरानपासूनच्या प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा वर होता. मशिदीपुढे, पुलावर, पोलिसाबरोबर, त्या ताटलीच्या दुकानदाराच्या गळ्यात हात टाकूनही. आमच्याबरोबर एक तरुण वाटाड्या होता. त्याने बराच वेळ अवघडून शेवटी सांगितलं की इकडे जुन्या लोकांत अंगठा दाखवणं ही फार घाण शिवी समजतात. अर्थात आता तरुण मुलं तसं मानत नाहीत. मग घाईने म्हणाला, ‘पण तुमचा अंगठा फार सुंदर आहे.’

यझ्द हा आमचा शेवटचा मुक्काम. वाळवंटातलं मातीचं गाव, घराघरावर वारा पकडून खाली सोडणारे उंच बादगीर. इथल्या अग्निमंदिरातला अग्नी सुमारे सन ४७०पासून विझलेला नाही असं सांगतात. मंदिराची आताची इमारत १९३४ची, आणि तिला पैसा दिला तो हिंदुस्थानातल्या पारशांनी. मुंबई-पुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर हॉटेलं थाटणारे कितीतरी इराणी याच मुलखातून आले. साडूभाऊंनी बन-मस्क्याची चौकशी केली. आता त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं, आम्हीही नाही.

संध्याकाळी एका बागेतल्या सतरंजीवरून हाक आली. अख्खं कुटुंब होतं. आजी, मुलगा, सून आणि कॉलेजातला नातू. नातवाला इंग्रजी बोलायची हौस. चहा झाला. मग म्हणाले, उद्या रात्री घरी जेवायला या.

‘नको, नको, उगाच त्रास.’ एक.

‘त्रास कसला? या.’

‘आमचं पथ्य असतं हो.’ दोन.

‘या ना!’

‘पुढच्या खेपेला नक्की.’ तीन.

‘आजी वाट पाहील,’ नातू म्हणाला.

इथे आमच्यात फूट पडली. साडूभाऊंचं मत, चौथा आग्रह अजून झालेला नाही. ‘आजी वाट पाहील’ हे आग्रहात धरायचं की माहितीत? ही म्हणाली, खरंच बोलावताहेत, चेहरे बघा. ताई म्हणाल्या, वांगं असेल का विचारा. त्या कुटुंबासमोर, त्यांच्याच सतरंजीवर, त्यांचाच चहा पीत आम्ही मराठीत रीतसर सभा घेतली. ते चौघे हसतमुखाने, काही न कळता, निकालाची वाट पाहत होते. तीन विरुद्ध एक मताने आमंत्रण खरं ठरलं.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून ताईंनी बेसनाच्या लाडवांचा डबा काढला. साधा स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा. त्यांच्या लग्नात मामांनी दिलेला, बुडाशी मामांचं नाव आणि तारीख टोचून कोरलेली. हा डबा ताईंबरोबर काशीला गेलाय, रामेश्वरला गेलाय. रोज संध्याकाळी त्यातून माणशी एक लाडू निघे आणि झाकण लागे.

घरी दारातच दहा मिनिटं गेली, ते सोडून देऊ. आत बसल्यावर फळं आली; त्यात काकड्याही होत्या, तिकडे त्या मीठ लावून फळ म्हणून खातात. मग जेवण. कापडावर कापड, त्यावर पंधरा प्रकारची भांडी. वांगं होतं. ते कापड यझ्दचं तेरमे, रेशमी, कोयरीची नक्षी. हिने हात फिरवून म्हटलं, ‘किती सुरेख!’ नातवाने भाषांतर केलं. आणि सून उठून एकेक भांडं खाली ठेवू लागली. आम्हाला वाटलं, जेवण आटोपलं. तर ती ते कापड काढून आम्हाला देत होती!

‘अगं, तू बोलू नकोस,’ मी हिला म्हटलं.

पण बायकांनी दुसऱ्याच्या घरी जाऊन काही छान म्हणायचं नाही, हे कसं शक्य आहे? तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे नुसतं पाहिलं, तर मुलगा स्टूल शोधू लागला. पुढे ती डोळे मिटून जेवली. सुनेने नातवाकरवी विचारलं, बाईंना बरं नाही का?

मग आमची पाळी. ताईंनी डबा उघडून आजींपुढे धरला. आजींनी लाडू हातात फिरवला, हुंगला, एका घासात निम्मा खाल्ला. हरभऱ्याचं पीठ त्यांनी लगेच ओळखलं. मग त्यांनी डबा उचलून उलटा-सुलटा पाहिला. मामांच्या नावावरून बोट फिरवलं आणि काहीतरी म्हणाल्या.

‘आजीला डबा फार आवडला,’ नातू म्हणाला.

आता ताईही चार दिवस तारोफ पाहतच होत्या. शिवाय आमच्याकडची रीत. त्या ऐटीत म्हणाल्या, ‘मग घ्या ना! राहू द्या तुम्हाला!’ आणि डबा आजींच्या हातात दिला. नातवाने भाषांतर केलं. ताई तीन नकारांची वाट पाहत, पुढचा आग्रह ओठांवर घेऊन, हात अर्धवट पुढे करून बसल्या.

आजींनी झाकण लावलं आणि डबा अंगावरच्या चादरीआड ठेवला.

मुलगा आणि सून गोरेमोरे झाले. नातवाने आजीच्या कानात काहीतरी म्हटलं. आजींनी हनुवटी किंचित वर उचलून ‘च्च’ केलं. इराणात त्याचा अर्थ नाही असा होतो, हे पासबुक न उघडता आम्हाला कळलं. परतताना टॅक्सीत कुणी बोलत नव्हतं. ‘मामांना काय सांगू?’ एवढंच ताई म्हणाल्या. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

‘डबा रिकामा परत करू नये म्हणतात,’ साडूभाऊंनी धीर दिला. ‘भरायला वेळ लागत असेल.’

‘त्यांना कुठे ठाऊक आपली रीत!’

सकाळी आठला आम्ही सामान घेऊन हॉटेलच्या दारात आलो, तर नातू तिथे उभा. हातात डबा. घामाघूम झाला होता, पण काय बोलायचं ते पाठ करून आला असावा.

‘आजीने कोत्ताब पाठवलेत, घरी तळलेले,’ त्याने सुरुवात केली. ‘आत बदाम आहेत, वेलदोडा आहे. तुमच्या लाडवांपुढे त्यांची काय किंमत, पण तुम्ही कृपा करून...’

ताईंनी पुढे होऊन डबा घेतला. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही. नातवाजवळ अजून दोन आग्रह शिल्लक होते. ते त्याने नाइलाजाने साडूभाऊंपुढे म्हणून टाकले. साडूभाऊ पासबुक चाळत त्याला योग्य ती उत्तरं देत राहिले. ताईंनी तोवर डबा उलटा करून मामांचं नाव तपासलं, झाकण उघडलं आणि कोत्ताब मोजायला घेतले.